डागालाही पुरावा हवा

जर्मनीत राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षातच एक शब्द पाठ होतो, तो म्हणजे ‘बेलेग’. इन्कमटॅक्सचं विवरण भरायला बसलं की प्रत्येक खर्चापुढे बेलेग लागतो. पावती, दाखला, पुरावा, सगळं त्या एका शब्दात येतं. बेलेग नसेल तर तुम्ही कितीही खरं बोलत असा, समोरचा माणूस नम्रपणे मान हलवतो आणि पुढचा कागद घेतो. आपल्याकडच्या ‘अहो, सांगतोय ना मी!’ला इथे काही किंमत नाही.

हाच शब्द मला भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला. हॅम्बर्गमध्ये आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा विमानांची छोटी मॉडेलं घेऊन जमतो. बहुतेक सगळे निवृत्त जर्मन, मी आणि एक पोलिश तरुण असे दोघे बाहेरचे. कुणी नवं मॉडेल टेबलावर ठेवलं, पंखाखाली तेलाचा एक ओघळ दाखवला, की कोपऱ्यातला एक ऐंशीचा गृहस्थ चष्मा वर करून विचारतो, “बेलेग?” म्हणजे हा ओघळ तू कुठल्या फोटोत पाहिलास? फोटो नसेल तर इंजिनाची रचना सांग, तेल इथूनच का गळेल ते पटवून दे. नुसतं ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर तिथे चालत नाही.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किट जोडणं आणि रंगवणं हा अर्धाच भाग झाला. मग ते मॉडेल मळवायचं असतं. धूळ, धूर, तेल, चिखल, बुटांनी झिजलेला रंग हे सगळं पातळ ऑइलपेंटने, रंगाच्या भुकटीने, स्पंजच्या तुकड्याने हळूहळू चढवायचं. इथले लोक त्याला ‘वय चढवणं’ म्हणतात. श्पायखरश्टाटमधलं मिनियाटूर वुंडरलांड पाहायला तुम्ही पाहुण्यांना घेऊन गेला असालच. 2001 पासून सुरू असलेल्या त्या चिमुकल्या जगात रेल्वेचे डबे, छपरं, भिंती मुद्दाम मळवलेल्या आहेत. म्हणून तर ते खेळण्यासारखं वाटत नाही. पुढच्या वेळी गेलात की गाड्यांच्या आधी त्यांच्यावरची घाण बघा.

पण अलीकडे या मळवण्याचा अतिरेक झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. विशेषतः पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानं. त्यांना लोक असे गंजाचे पट्टे, तडे, काळे ओघळ देतात की जणू ते विमान शंभर वर्षं कुठल्या गोठ्यात पडून होतं. अहो, ती विमानं लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेल्या लिननच्या कापडाची! कापडाला गंज चढत नाही. आणि ती म्हातारीही होत नसत. आघाडीवरच्या लढाऊ विमानाचं आयुष्य आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मोजायचं. शिवाय ती कॅनव्हासच्या हँगरमध्ये ठेवली जात आणि मेकॅनिक रोज पुसत. आपण ज्याला पुराणवस्तू म्हणतो ती त्या वेळी कोरी करकरीत, सर्वांत नवी यंत्रं होती. त्यांना म्हातारं करणं म्हणजे आपल्या आणि त्यांच्या मधलं अंतर त्यांच्या अंगाला फासणं.

मी गेला हिवाळाभर केलेलं मॉडेल सॉपविथ डॉल्फिनचं, 1:48 प्रमाणातलं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार दहा मीटरच्या जरासा आत, मॉडेलचा वीस सेंटिमीटरच्या जरा वर. हर्बर्ट स्मिथ याने आराखडा केलेलं हे विमान 1917 मध्ये आलं. दिसायला जरा विचित्रच. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख पुढे असतो, इथे तो खालच्या पंखाच्या मागे. आणि वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट. त्यातून वैमानिकाचं डोकं बाहेर, पोहणाऱ्याचं डोकं पाण्याबाहेर असतं तसं. वरचं आणि पुढचं छान दिसायचं. पण विमान उतरताना नाकावर उलटलं की सगळ्यांत आधी जमिनीला काय लागणार, हे वैमानिकांना सांगावं लागत नव्हतं. हे विमान पहिल्यांदा फ्रान्सला नेलं तेव्हा अनोळखी आकार पाहून दोस्तांच्याच तोफांनी त्यावर मारा केला होता.

डॉल्फिनच का, तर एका मुंबईकरासाठी. श्रीकृष्णचंद्र वेलिणकर. जन्म 1894, मुंबई. शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात अधिकारी वैमानिक म्हणून उडालेले जे चार हिंदुस्थानी तरुण सांगितले जातात, त्यांतला हा एक. बाकीचे तिघे म्हणजे पगडी घालून उडणारे आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झालेले हरदितसिंग मलिक. जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झालेले एरल सेन. आणि जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानांचं श्रेय मिळवून त्याच महिन्यात मारले गेलेले इंद्रलाल रॉय. बंगालमध्ये रॉय यांची आठवण आहे, त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालंय. वेलिणकर हे नाव मात्र तुम्ही दहा मराठी घरांत विचारून पाहा. माटुंग्याचं कॉलेज आठवेल, वैमानिक नाही आठवणार.

वेलिणकर 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. 27 जून 1918 रोजी त्यांचं डॉल्फिन पडलं, ते जर्मनांच्या हाती लागले आणि तीन दिवसांनी, 30 जूनला, जखमांमुळे गेले. वय तेवीस. जर्मनांनी रीतसर दफन केलं, पण नाव लिहिताना घोटाळा झाला आणि वेलिणकरचं ‘वुमकर’ झालं. युद्ध संपल्यावर शोध घ्यावा लागला, तेव्हा कुठे 1921 मध्ये ओळख पटली. आज त्यांची कबर फ्रान्समध्ये आमियाँजवळच्या हाँगार गावच्या युद्ध दफनभूमीत आहे, बरोबर नावानिशी.

आता मॉडेलकडे येतो. किटमध्ये दोन लुईस मशीनगन येतात, चौकटीच्या आडव्या नळीवर तिरक्या बसवायच्या. आघाडीवर त्या बऱ्याच वैमानिकांनी काढून टाकल्या होत्या. नेम धरायला अवघड, आणि झुलून तोंडावर येत. मीही काढल्या, नळीवरच्या खुणा भरून घासून घेतल्या. पुढच्या दोन व्हिकर्स तेवढ्या ठेवल्या. पंखांमधल्या ताणाच्या तारा किटमध्ये नव्हत्याच. मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी तापवून ओढली की केसासारखा धागा निघतो, त्याच्या तारा केल्या. हे काम करताना घरात कुणी दार आपटू नये अशी विनंती असते. ती कुणी पाळत नाही, ते सोडा.

खरी मजा रंगात आहे. ब्रिटिश विमानांवर वरच्या बाजूला जो हिरवट-तपकिरी लेप असे त्याचं नाव पीसी-10. त्यात काय? पिवळी माती आणि काजळी! आपल्या आजीच्या ओळखीच्या वस्तू. धोतराला खळ द्यावी तसं आधी कापडाला डोप देऊन ते ताठ करायचं आणि वर हा लेप, म्हणजे उन्हाने कापड कुजत नाही. मिश्रण आणि जुनेपणा यांप्रमाणे तोच रंग कुठे हिरवा, कुठे चॉकलेटी दिसायचा. म्हणून ‘अचूक छटा’ यावर भांडणारे लोक पाहिले की मला हसू येतं. खालची बाजू मात्र रंगाशिवाय, नुसत्या वॉर्निशची, फिकट सायीसारखी.

मग मळवणं. पहिला प्रश्न: हे विमान किती दिवसांचं? 23 स्क्वाड्रनकडे आधी फ्रेंच स्पाड विमानं होती, डॉल्फिन मिळाली ती 1918 च्या वसंतात. म्हणजे जूनअखेर त्यातलं जुन्यातलं जुनं विमानही तीनेक महिन्यांचं. झालं, अर्धी घाण इथेच बाद. दुसरा प्रश्न: माती कसली? तो भाग चुनखडीचा. तिथली धूळ पांढरट. चाकांना कोकणातली तांबडी माती लावली तर ते विमान रत्नागिरीला उतरल्यासारखं दिसेल, आणि नाशिकची काळी लावली तर आमच्या ओझरला. जूनमधली कोरडी पांढरी धूळ मी चाकांवर आणि शेपटीखालच्या दांडीवर अगदी पुसट चढवली.

तिसरा प्रश्न तेलाचा, आणि इथे बहुतेक जण घसरतात. त्या काळातल्या कॅमलसारख्या विमानांचं इंजिन स्वतःच गरगर फिरायचं आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल घालत. होय, तेच, लहानपणी नाक दाबून पाजलेलं. ते जळून-उडून सगळ्या अंगावर आणि वैमानिकाच्या तोंडावर यायचं, त्याचे पोटावरचे परिणाम तुम्हाला सांगायला नकोत. एरंडाच्या बिया त्या वेळी जगाला मुख्यतः हिंदुस्थानातून जात, तेव्हा या युद्धात आपल्या शेतकऱ्याचाही असा एक तेलकट हात आहे. पण डॉल्फिनचं इंजिन वेगळं. हिस्पानो-सुइझा, आठ सिलिंडरांचं, स्थिर, पाण्याने थंड होणारं. तिथे एरंडेलाचा फवारा नाही. त्याचं दुखणं दातेरी चाकांचं आणि वंगणाचं होतं. म्हणून बॉनेटच्या सांध्यांतून थोडं तेल, धुराड्यामागे काजळीचा पट्टा, बस्स.

माझे वडील ओझरला एचएएलमध्ये होते, मिगच्या कामावर. त्यांना व्हिडिओ कॉलवर मॉडेल दाखवलं. ‘छान आहे’ वगैरे काही नाही. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “डावीकडनं गळतंय वाटतं.” मी तसंच दाखवलं होतं. मेकॅनिकला डाग म्हणजे शोभा नसते, ती विमानाने केलेली तक्रार असते. डाग वाचूनच तो पाना कुठे लावायचा ते ठरवतो. बाबांचं ते एक वाक्य मला आमच्या गटातल्या सगळ्या कौतुकापेक्षा मोठं वाटलं.

गोळ्यांची भोकंही केली नाहीत. उडणाऱ्या विमानावर भोकं नसतात, ठिगळं असतात. पडलेल्या भोकावर मेकॅनिक कापड चिकटवून डोप मारायचे आणि सकाळी विमान पुन्हा वर. दोन ठिगळं केली, बाजूच्या रंगापेक्षा किंचित ताजी. 1:48 मध्ये एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटिमीटरचा डाग, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप आखडतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात यंदा मुलांसाठी छोटं प्रदर्शन ठरलं, मराठी माणूस आणि आकाश असा विषय. माझं डॉल्फिन त्यात ठेवायचं म्हणून निरोप आला. आनंद झाला. मग आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अरे, मग तळपद्यांचं मरुत्सखाही कर की! राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, गिरगाव चौपाटीवर!” आणि वेलिणकरांच्या पाटीवर ‘पहिला मराठी फायटर एस’ असं लिहायचं ठरत होतं.

मी दोन्हीला नाही म्हटलं. ‘एस’ म्हणजे पाच विमानं पाडलेला वैमानिक. तो मान या चौघांत इंद्रलाल रॉय यांचा आहे, तो त्यांचाच राहू द्यावा. आणि मरुत्सखा? शिवकर बापूजी तळपदे हा माणूस खरा, त्यांचा विमानविद्येचा ध्यास खरा. पण 1895 च्या त्या उड्डाणाचा त्या काळातला पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला या गोष्टीसोबत दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी 1974 मध्ये केला. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. “काका, मी मॉडेल कशावरून करू? पंख किती? लांबी किती? धूर कुठून निघायचा?” असं विचारलं.

काका रागावले, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. “पुरावे ठेवले कोणी? इंग्रजांनी. त्यांच्या दप्तरात आपली माणसं नसणारच. मग काय, आपल्या पोरांना सांगायचं की तुमच्यातलं कुणी काही केलंच नाही?” वर्गात राइट बंधू आणि लिलिएन्थाल ऐकून येणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहिलं की ही कळ मलाही जाणवते. बर्लिनजवळच्या टेकड्यांवरून उडणाऱ्या ओटो लिलिएन्थालच्या नावाचे रस्ते जर्मनीत गावोगाव आहेत. आपल्या मुलाने वर्गात हात वर करून कुणाचं नाव घ्यावं?

पण म्हणूनच मला वेलिणकर महत्त्वाचे वाटतात. त्यांचंही नाव परक्यांच्या दप्तरातच होतं, तेही चुकीचं. ‘वुमकर’ पाहून कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, आपण आपली एक छान गोष्ट रचू, तर ती कबर अजूनही वुमकरचीच असती. कुणीतरी पत्रं लिहिली, नोंदी ताडून पाहिल्या, चिकाटी धरली, म्हणून माणूस सापडला. दप्तरात आपली माणसं हरवलेली असतात हे काकांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यावर उपाय शोधण्याचा आहे, रंगवण्याचा नाही. शिवाय मुलांचं काय होतं ते बघा. पंधरा वर्षांची मुलगी मरुत्सखाची गोष्ट वर्गात सांगते, शिक्षिका शांतपणे विचारते, “बेलेग?” आणि त्या एका प्रश्नानंतर तिने पुढे सांगितलेलं खरंही कुणी मनावर घेत नाही.

परदेशात राहणारे आपण मळवण्यात तसे पटाईत आहोत. माझ्या मुलीला शाळेत ‘आजोबांचं घर’ असं चित्र काढायचं होतं. तिने चौकाचा वाडा, विहीर, तुळशीवृंदावन काढायला घेतलं. कुठून आलं ते? सिनेमातून, आणि आम्हा मोठ्यांच्या गप्पांतून. आजोबांचं घर म्हणजे ओझरच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. सिमेंटचा जिना, गोदरेजचं कपाट, पहाटे इंजिन टेस्टिंगचा आवाज. मी तिला फोटो दाखवले. तिला ते घर वाड्यापेक्षा जास्त आवडलं, कारण त्याच्या जिन्यात आजोबांची सायकल होती.

पाटीसाठी मजकूर तिनेच जर्मनमध्ये लिहिला. त्याआधी आम्ही ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत जाऊन आलो. हॅम्बर्गकरांना ती माहीतच आहे, इतकी मोठी की आतून बस धावते. तिच्या एका भागात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आहेत, बरेचसे कैदेत मेलेले. 1923 नंतर उत्तर जर्मनीतल्या गावोगावच्या कबरी एकत्र आणल्या, त्याही इथे. वेलिणकर इथे नाहीत, पण एकसारख्या पांढऱ्या दगडांची रांग कशी दिसते ते तिला पाहायचं होतं. नावं वाचता वाचता तिने विचारलं, “बाबा, तो नक्की कुणाच्या बाजूने होता? ब्रिटिशांच्या, म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या? आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे पणजोबा समोरच्या बाजूला?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग हे पाटीवर लिहायला हवं.” काकांना ते आवडणार नाही, हे मला ठाऊक होतं. लिहिलं.

मरुत्सखाचं काय झालं, तर मध्यम मार्ग निघाला. तळपद्यांवर एक फलक लागणार आहे, त्यांचं आयुष्य, त्यांचा ध्यास, आणि खाली ‘असं सांगितलं जातं’ या शब्दांनी सुरू होणारी उड्डाणाची गोष्ट. ते तीन शब्द घालायला काका तयार झाले, ही त्यांची मोठी गोष्ट. मॉडेल मात्र एकच असेल. पाटीवर विमानाचं नाव, प्रमाण, स्क्वाड्रन आणि उन्हाळा 1918. त्यावर श्रीकृष्णचंद्र वेलिणकर, आधी देवनागरीत, मग रोमन लिपीत. रोमनमधलं एकेक अक्षर मुलीने दोनदा तपासून घेतलंय.

काचेची पेटी तेवढी अजून मिळायची आहे. गणपतीत लहान मुलं येणार, आणि त्या तारा बोट लागलं तरी तुटतात. हॅम्बर्गमध्ये कुणाकडे तीस सेंटिमीटरची जुनी पेटी पडून असेल तर मंडळाला जरूर कळवा.